न चेपलेली गाडी

मिस्त्रीच्या शेडमध्ये एक गाडी आठ महिने उभी होती आणि तिला जवळजवळ काहीच झालेलं नव्हतं. पुढचा बंपर डावीकडून चार बोटं आत गेलेला, एक दिवा फुटलेला, बॉनेटच्या टोकाला वाटीएवढा खड्डा. बस. मिस्त्रीच्या हाताला हे दीड दिवसाचं काम. पण दीड दिवसाचं काम आठ महिने रेंगाळलं, की अडचण हातोडीची नसते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मिस्त्री म्हणजे डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणं हा त्याचा पस्तीस वर्षांचा धंदा. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून बेताने हातोडी चालवायची आणि मधूनमधून डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्याच्या तळव्याला कळायचा. गाडी कुठून, किती जोरात, कशावर आदळली हे तो नुसता पत्रा बघून बिनचूक सांगायचा. चूक कोणाची होती तेवढं मात्र सांगायचा नाही, कारण ते सांगितलं की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

माणसं ओळखण्यात मात्र आनंदीआनंद होता. रस्त्यात कोणी हसून हात केला तर हा भिंतीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघायचा. मग बायको हळूच सांगायची, "अहो, ते निळ्या गाडीचं मागचं दार." की लगेच चेहरा उजळला. "अरे हो हो! बिजागरी करकरते का अजून?" त्या बिचाऱ्याची आई गेल्या आठवड्यात वारलेली असायची आणि ते तो सांगत असायचा, पण मिस्त्रीचा जीव बिजागरीत.

म्हणून दुकानात एक वाटणी पडून गेली होती. ठोकलेली गाडी दारात आली की मिस्त्री गाडीकडे जायचा आणि बायको माणसाकडे. खुर्ची पुढे करायची, पाणी द्यायची, मानेला हिसका बसलाय का, छातीत दुखतंय का, घरी कळवलंय का, सगळं विचारून घ्यायची. दोनदा तर तिने "मला काही नाही झालं हो" म्हणणाऱ्या माणसाला दटावून दवाखान्यात पाठवलं होतं. त्यातल्या एकाची मोडलेली बरगडी फुप्फुसाला टेकली होती, अर्धा तास उशीर झाला असता तर गेलाच होता. "माणूस बोलतो त्यावर जाऊ नये, तो बसलाय कसा ते बघावं," असं ती म्हणायची. हे ती सांगत असताना मिस्त्री बहुतेक वेळा गाडीखाली असायचा.

शेडमधली ती गाडी तिची होती. लेकीच्याही जन्माआधीची, गोल डोळ्यांची, ऐसपैस. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी भंगारात काढलेली मिस्त्रीने आणली, दोन वर्षं खपून उभी केली आणि बायकोला तिच्यावरच गाडी शिकवली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे एकच लांब सीट, सोफ्यासारखी. सीटला पट्टे नव्हते, कारण ती बनली तेव्हा असली थेरं नव्हती, असं मिस्त्री म्हणायचा. दार लावलं की धप्प असा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकायला मिस्त्री कधीकधी दार उगाचच उघडून लावायचा. तिच्यानंतर जगात गाडी झाली नाही अशी त्याची खात्री होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम माणसांइतकाच गाड्यांनाही लागतो.

एकदा एक नवी कोरी सेडान ओरखडा काढायला आली. बुटकी, रुंद, रस्त्याला पोट टेकवून बसल्यासारखी. मालक हौशी होता. त्याने नवराबायको दोघांना बसवून हमरस्त्यावर एक फेरी मारून आणली. शंभरचा काटा पाच सेकंदांत ओलांडला. पाठ सीटला चिकटली, पोट मागे राहिलं, आणि आत आवाज म्हणाल तर देवघरासारखी शांतता. वळणावर गाडी तसूभर कलली नाही. बायको पोरीसारखी हसत होती. परत आल्यावर मिस्त्रीने सेडानच्या दारावर बोटाची पेरं आपटली. "ऐक. डबा." मग पलीकडे जाऊन आपल्या गाडीच्या दारावर आपटली. "आणि ही ऐक. तिजोरी."

"तिजोरीत माणसं नाही ठेवत कोणी," बायको म्हणाली.

"हिच्यात रस्ता हाताला कळतो. त्याच्यात काय कळलं तुला? गाडी पळतेय की झाडं पळतायत?"

"मला गार हवा कळली. आणि कंबर नाही दुखली हे कळलं."

"पाच वर्षांनी बघ त्याचं काय होतं ते. आपली पन्नास वर्षं उभी आहे."

"उभीच आहे जास्त," असं म्हणून ती पाणी आणायला गेली, आणि सेडानचा मालक मनापासून हसला.

तर अशी ही तुलना. ती मिस्त्री प्रत्येक नव्या गाडीशी करायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच जिंकायचा. सेडानचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, अंगठ्याने दाबलं तर लवतं. बंपर प्लास्टिकचा. पुढची हाडं आतून पोकळ आणि मुद्दाम घड्या पाडलेली, हे तर त्याला नुसतं बघूनच हसू यायचं. कंपनीने पत्र्यात पैसे वाचवले, एवढाच त्याने त्याचा अर्थ लावला. पस्तीस वर्षं ज्याने पत्रा वाचला त्याने एवढा सरळ मजकूर चुकीचा वाचावा, याला काय म्हणायचं?

लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि बायको महिन्यातून एकदा एकटी गाडी काढून तिच्याकडे जायला लागली. हमरस्ता, मोठाले ट्रक. मिस्त्रीला काळजी वाटायला लागली. काळजी वाटली की तो बोलायचा नाही, काम काढायचा. त्याने चार दिवस दुकान अर्धं बंद ठेवलं, गाडी उचलून धरली आणि चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पुढच्या दोन्ही दांड्यांना बोटभर जाडीच्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून टाकल्या. वेल्डिंग इतकं सुबक होतं की शेजारचा टर्नर लेथ बंद करून बघायला आला.

"आता हत्ती आला तरी काही होणार नाही तुला," मिस्त्री बायकोला म्हणाला.

"हत्तीचं काय होईल पण?" ती म्हणाली. तिला प्रत्येक गोष्टीत समोरच्याचीच पडलेली.

मग तो मंगळवार. बायको अकरा वाजता घरून डबा घेऊन या गाडीतून दुकानात यायची, तशीच येत होती. दुकानापासून हाकेच्या अंतरावर एक वळण आहे. समोरून दुसरीच एक सेडान आली, आडव्या आलेल्या सायकलवाल्याला वाचवायला वळली आणि बायकोच्या गाडीवर समोरासमोर आदळली. मिस्त्रीने आवाज ऐकला आणि आवाजावरूनच त्याला कळलं की एक पत्रा मऊ आहे आणि दुसरा आपला आहे. पहार आणि कापायचं हातमशीन घेऊन तो पळत सुटला. टर्नर फोन करायला आत पळाला.

समोर जे दिसलं ते असं. सेडानला तोंडच उरलं नव्हतं. बॉनेटची घडी होऊन काचेपर्यंत आलेली, एक चाक बाजूला निखळलेलं, धूर निघतोय, आत पांढऱ्या फुगलेल्या पिशव्या. गर्दी सगळी तिकडे. आणि बायकोची गाडी? बंपर चार बोटं आत. ती आत बसलेली, ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे, त्याच्याकडे बघत असलेली. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. लोखंडाने लाज राखली, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्या पट्ट्यांचा त्याला अभिमानही वाटून गेला. तो सेडानकडे धावला. त्यातला माणूस मेलाच असेल किंवा मरायला टेकला असेल, हे सांगायला पत्रा पुरेसा होता. दार अडकलं होतं. मिस्त्रीने ते कापून काढलं.

दार निघालं, माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला, आणि मिस्त्री मागे वळला तेव्हा बायकोचं डोकं काचेला टेकलं होतं. संध्याकाळी दवाखान्यात ती वारली. स्टिअरिंगचा दांडा छातीवर बसला होता, बाहेरून काही नव्हतं, सगळं आतल्या आत.

दार कापण्याच्या त्या वेळात आणखी एक गोष्ट घडली होती. ती मिस्त्री कोणालाही सांगत नव्हता. स्वतःलाही नाही.

पोलिसांनी दोन्ही गाड्या ओढून मिस्त्रीच्याच शेडमध्ये आणून ठेवल्या, कारण जवळ दुसरी जागा नव्हती. तीन आठवडे त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. येणारा जाणारा सेडानकडे बघून चुकचुकायचा आणि जुन्या गाडीकडे बघून म्हणायचा, "हिला काहीच झालं नाही की." दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण मिस्त्रीने शंभरदा वापरली असेल, पण कायम गिऱ्हाइकांना ऐकवायला, पुट्टी भरलेला गंजका दरवाजा दाखवून.

मग विम्याचा सर्व्हेअर आला. सावकाश बोलणारा, गळ्यात चष्मा अडकवलेला माणूस. तो दोन्ही गाड्यांखाली टॉर्च घेऊन वाकला, टेपने मोजमापं घेतली, आणि मिस्त्री त्या बाईंचा नवरा आहे हे कोणी न सांगितल्यामुळे धंद्यातल्या माणसाशी बोलावं तसं मोकळेपणी बोलला.

"ही नवी बघा. दारापासून पुढचं सगळं गेलं. पण आत एक काच तडकलेली नाही. पुढचं तोंड चुरगळायलाच बनवलेलं असतं. जेवढं ते चुरगळतं, तेवढा धक्का तिथे जिरतो. माणसापर्यंत पोचेस्तोवर उरतच नाही."

"आणि ही?" मिस्त्रीने विचारलं.

"ही चुरगळत नाही. मग धक्का जाणार कुठे? जो आत असेल त्याला." तो पुन्हा खाली वाकला. "आणि हिला तर कोणीतरी पुढे जाड पट्ट्या मारल्यात. जरा लवली असती, तीही लवली नाही. कोणी केलं हे?"

"मी," मिस्त्री म्हणाला.

सर्व्हेअरने कामाची स्तुती केली. वेल्डिंग खरोखरच चांगलं होतं. मग सही घेताना त्याने नाव वाचलं, दुसऱ्या कागदावरचं त्या बाईंचं नाव वाचलं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. तो निघाला. मिस्त्रीच म्हणाला, "पाणी घेऊन जा." पाणी द्यायचं काम आता त्याच्याकडे आलं होतं.

त्या दिवशी तरी रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. अंत्यविधीला आलं नव्हतं, घरी कपाट आवरताना आलं नव्हतं. तो सकाळी उठायचा, भात आणि काहीतरी शिजवायचा, खायचा, भांडं घासायचा, दुकान उघडायचा. हात पूर्वीसारखेच चालत होते, किंबहुना जास्तच सफाईने. तळव्याला उंचवटे कळत होते. आत मात्र कोणी राहत नसावं तसं. गाणं लागलं तरी ठीक, बंद झालं तरी ठीक. एकदा ग्राइंडरची ठिणगी मनगटावर बसली तर त्याने ती कुठे बसली ते बघितलं आणि काम पुढे चालू ठेवलं. लोक म्हणायचे, मिस्त्री खंबीर आहे हो. मिस्त्रीला वाटायचं, ह्यांनाही पत्राच वाचता येतो.

सेडान पुढे भंगारात गेली. जुनी गाडी राहिली. आणि चौथ्या महिन्यात लेकीने फोनवर ती मागितली.

लेक दर रविवारी अकराला फोन करायची. जेवलात का, औषध घेतलंत का, भांडी कोण घासतं. मग एकदा म्हणाली, "बाबा, आईची गाडी मला द्या. पोरांना शाळेत सोडीन त्यातून. तिची तेवढीच एक वस्तू आहे, जिच्यात बसता येतं."

मिस्त्री म्हणाला, "दिवा मिळत नाहीये तसला." पुढच्या महिन्यात बंपर चकाकी द्यायला दिला होता आणि तो कारागीर आजारी पडला. त्यानंतर कार्बोरेटर साफ करायचा होता. त्यानंतर टायर. दिवा तर त्याच्या फळीवर कागदात गुंडाळून पडला होता, बंपर गाडीलाच होता. तो ताकास तूर लागू देत नव्हता. गाडी द्यायची तर पोरं त्यात बसणार. द्यायची नाही तर का नाही ते सांगायला लागणार. एक सांगितलं की दुसरं निघणार, आणि दुसरं निघालं की रविवारचा फोन बंद होणार. आठवड्यात तेवढी अकरा ते सव्वाअकराची पंधरा मिनिटं होती. बाकी सगळा आठवडा त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता पडून असायचा.

आठव्या महिन्यात लेक न सांगता आली. बसने, एकटी, खांद्याला पिशवी. दुपारची वेळ, शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं. ती सरळ गाडीकडे गेली, बंपर बघितला, फळीवरचं कागदाचं पुडकं उघडून दिवा बघितला आणि बापाकडे बघितलं.

"हे मिळत नव्हतं होय?"

मिस्त्री हातातला ठोकळा पुसत राहिला.

"बाबा, तुम्हाला द्यायची नाहीये का? तसं सांगा. मी काय हिसकावून नेणार आहे? तुमची आठवण आहे, तशी माझीही आहे."

"तसं नाही."

"मग दिवा बसवा आणि चावी द्या. बंपर राहू दे तसाच. अशीच नेते. हिला झालंय काय? तुम्हीच म्हणायचात ना, तिजोरी आहे म्हणून. निदान पोरं सुरक्षित राहतील माझी."

"ही नको नेऊस," मिस्त्री म्हणाला.

आणि मग त्याने सांगितलं. सर्व्हेअरने सांगितलं होतं तसं, त्याच क्रमाने, दोन्ही गाड्यांचं. सेडान जिथे उभी होती त्या रिकाम्या जागेकडे हात करून तिचं तोंड कुठपर्यंत आत आलं होतं ते दाखवलं. ती चुरगळली म्हणून आतला वाचला. ही चुरगळली नाही. मग तो खाली बसला, बॅटरी लावली आणि लेकीला वाकायला लावून त्या पट्ट्या दाखवल्या.

"ह्या मी लावल्या. तुझ्याकडे यायला लागली ना, तेव्हा."

लेक बराच वेळ वाकलेलीच होती. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण राग नव्हता. तिने बापाच्या दंडावर हात ठेवला. "तुम्हाला काय माहीत, बाबा? तिच्या काळजीपोटीच केलंत ना? असं म्हणता येतं का, की तुमच्यामुळे..."

इथे थांबता येत होतं. गाडी राहिली, पोरं वाचली, लेक राहिली. थांबला असता तर कोणाला कळणार होतं?

"एक तरी बरं झालं," लेक डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही तिथे होतात. ती एकटी नव्हती. मी रोज हेच सांगते स्वतःला, की बाबा होते तिच्याजवळ."

"नव्हतो," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे?"

"मी आधी त्या दुसऱ्या गाडीकडे गेलो. तिची गाडी धड दिसली. ती बसलेली दिसली. मला वाटलं, हिला काही नाही. त्या गाडीचा चेंदामेंदा झाला होता. मी त्याचं दार कापत बसलो."

लेकीने दंडावरचा हात काढला नाही, पण तो हलका झाला.

"किती वेळ?"

"बारा मिनिटं. टर्नरने फोन केलेला, त्याच्या फोनमध्ये वेळ होती. मी नंतर बघितली."

"त्याला वाचवत होतात," ती म्हणाली. ती अजूनही बापासाठी वाट शोधत होती.

"त्याला काही झालंच नव्हतं." मिस्त्रीचा आवाज सपाट होता, एखाद्या गाडीच्या कामाची यादी सांगावी तसा. "तो आतून मला सांगत होता. काका, मी बरा आहे. त्या गाडीतल्या बाईंकडे बघा. तीनदा म्हणाला. मी म्हटलं, गप्प बस. तुझ्या गाडीची अवस्था बघ, तू बरा कसा असशील? त्याला दिसत होती ती समोर. तिचं काहीतरी बिघडलंय हे त्याला कळत होतं. मी त्याचं ऐकलं नाही. मी पत्रा बघत होतो."

आता हात निघाला.

"आई काही बोलली?"

"नुसतं ‘अहो’ म्हणाली. एकदाच. मशीन बंद करून पातं बदलत होतो म्हणून ऐकू आलं."

"मग?"

"मी हात केला. म्हटलं, थांब, आलो."

शेजारी टर्नरचं लेथ चालू होतं, त्याचा एकसुरी आवाज शेडमध्ये येत राहिला. लेक गाडीपासून दोन पावलं मागे सरकली आणि फळीला टेकून उभी राहिली. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत होता. तोंड वाचायची त्याला सवय नव्हती, पण हे वाचता येत होतं.

"लवकर गेला असतात तर वाचली असती?" तिने विचारलं.

"डॉक्टरांना विचारलं नाही मी."

"मी विचारलं होतं. ॲम्ब्युलन्सला उशीर झाला असं मला वाटत होतं ना, म्हणून. आठ महिने त्या ड्रायव्हरला शिव्या घालतेय मी मनात." ती थांबली. "डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वाचलीही असती, नसतीही."

"हं," मिस्त्री म्हणाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू फोन करायची बंद होशील म्हणून."

"आणि आज?"

"आज तू म्हणालीस, ती एकटी नव्हती."

लेकीने पिशवी उचलली. पट्टा खांद्यावर नीट बसेना, तिने दोनदा काढून पुन्हा अडकवला. "मी आत्ता काही बोलत नाही, बाबा. आत्ता बोलले तर असं काहीतरी बोलेन की ते परत घेता येणार नाही. मी फोन करीन. या रविवारी नाही. पुढच्याही नाही कदाचित. पण करीन." दारापर्यंत जाऊन ती म्हणाली, "आणि ती गाडी विकू नका कोणाला. कोणाची तरी पोरं बसतील तिच्यात. कापा."

"कापतो," मिस्त्री म्हणाला.

ती गेली. मिस्त्रीने वेळ काढला नाही. त्याने गाडीचं तोंड जॅकवर उचललं, खाली लाकडी ठोकळे लावले, चष्मा चढवला आणि ग्राइंडर घेऊन खाली शिरला. आधी पट्ट्या. पस्तीस वर्षांत स्वतःचं वेल्डिंग त्याने कधी कापलं नव्हतं, आणि ते सुटायला तयार नव्हतं. एक पातं झिजलं, दुसरं लावलं. डावी पट्टी अर्धी कापून झाली तेव्हा त्याला जाणवलं की बायको मेली आहे. हे त्याला आठ महिने माहीत होतं. त्याने लोकांना सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं. पण ती कुठेच नाही, दुकानात नाही, घरी नाही, वळणावर नाही, आणि तिने हाक मारली तेव्हा तो होता आणि गेला नाही, हे त्याला गाडीखाली उताणं पडलेलं असताना पहिल्यांदा कळलं. त्याने ग्राइंडर बंद केला, सरपटत बाहेर आला, चाकाला पाठ लावून बसला आणि ओरडून रडायला लागला.

टर्नरने तो आवाज लेथच्या आवाजातूनही ऐकला. मशीन तसंच सोडून तो धावत आला. ग्राइंडर खाली पडलेला आणि मिस्त्री बसून ओरडतोय हे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठे लागलं, मिस्त्री? दाखवा. हात दाखवा आधी."

टर्नरने त्याच्या हातातले मोजे काढले, दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बोटं मोजली, मग पाय चाचपले, डोक्याला हात लावून पाहिला. कुठेही साधा ओरखडा नव्हता.